पेशींची तालीम

कांडपाच्या डंकावर मिरची पडली की आमच्या आळीत कुत्रंसुद्धा शिंकतं. बायका तोंडाला पदर बांधून बसतात, तरी डोळ्यांतनं धारा लागतात. माझ्या डोळ्यांत मात्र टिपूस यायचा नाही. मला वाटायचं, तीस वर्षं डंकापुढं बसून डोळे तयार झालेत. मी ते मिरवलं. चटणी करून घ्यायला आलेल्या बायकांना सांगायची, ही वैजयंता नलवडे, हिला मिरची घाबरते. मिरची कसली घाबरते. डोळ्यांतलं पाणीच आटलेलं होतं, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली.

मग जीभ गेली. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची हातात घेऊन मोडली की तिची चटणी कशी उतरणार हे मी सांगत आले. मीठ, खोबरं, लसूण, सगळं चिमटीनं आणि जिभेनं. थोरल्या विश्वजितनं तिखट मोजायचं यंत्र आणलं होतं, ते मी फडताळावर ठेवून दिलं. त्या साली लागोपाठ तीन घाणे खारट झाले. गिऱ्हाईक परत आलं, तसं मी सुनेला, पल्लवीला, आळीला ऐकू जाईल असं बोलले. पल्लवी उलटून बोलणारी नाही. तिनं दोन चमचे चटणी माझ्यापुढं ठेवली आणि विचारलं, अहो आई, यातली बिनमिठाची कुठली. मी दोन्ही चाखल्या. मला सांगता येईना. ती काही न बोलता चमचे घेऊन गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

पुढं भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. गळा सुजला, एप्रिलात थंडी वाजायला लागली, जिना चढायचा म्हणजे डोंगर. मग पायांना सूज, लघवीला फेस. तीन डॉक्टर झाले. डोळ्याच्यानं थेंब दिले, गळ्याच्यानं सकाळची गोळी दिली, किडनीच्यानं मीठ बंद केलं. चटणीवालीचं मीठ बंद केलं.

चौथी कोल्हापुरातली बेनाडीकर बाई. वय पस्तिशीचं, केस पोरासारखे कापलेले. मला वाटलं, ही काय सांगणार. तिनं तिघांचे कागद एकाशेजारी एक मांडले आणि म्हणाली, "आक्का, हे तीन आजार नाहीत. एकच भांडण तीन घरांत चाललंय."

तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. अंगात राखणदार पेशी असतात. बाहेरचं काही शिरलं की त्याला झोडपायचं, घरच्यांना हात लावायचा नाही, हे त्यांचं काम. माझ्या राखणदारांनी घरच्यांवरच काठी उगारली होती. आधी लाळेच्या आणि डोळ्यांच्या पाण्याच्या गाठी, ज्यांना ती ग्रंथी म्हणाली, मग गळ्यातलं थायरॉइड, आता किडनी. काठी का उगारली, त्याची कारणं पुष्कळ असतात म्हणे. माझ्यात त्यांना एक सापडलं होतं.

पोटात बाळ असतं तेव्हा नाळेतनं नुसतं आईचं बाळाकडं जात नाही. बाळाच्याही चार पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि बाळ बाहेर आलं तरी आत राहतात. वीस वर्षं, चाळीस वर्षं. लाळेच्या गाठीत, थायरॉइडमध्ये, किडनीत, जागा मिळेल तिथं बिऱ्हाड करतात. बहुतेक बायकांचे राखणदार त्यांना सांभाळून घेतात. माझ्या राखणदारांनी घेतलं नाही. त्या चार पेशींना झोडपताना शेजारपाजारच्या शंभर मरत होत्या.

आता यावर औषध निघालं होतं. धान्याच्या डब्याएवढी पेटी. दवाखान्यातली पोरं तिला तालीमपेटी म्हणत. राखणदारांत काही समजूतदार पेशी असतात, त्या बाकीच्यांना आवरतात. माझ्या रक्तातनं त्या समजूतदार काढायच्या, पेटीत माझ्या लेकराच्या रक्तासोबत एकवीस दिवस ठेवायच्या आणि शिकवायचं की हे आपलं आहे, याला मारायचं नाही. पैलवान तयार करावेत तशा त्या तयार करायच्या, लाखांनी वाढवायच्या आणि परत माझ्या अंगात सोडायच्या. बाकीच्यांना त्या धरून ठेवतात.

"त्यासाठी प्रत्येक मुलाचं रक्त लागेल," बाई म्हणाली. "मुलं किती?"

"दोन," मी म्हटलं. विश्वजित आणि त्याच्या पाठचा संग्राम.

विश्वजित शेजारीच होता. त्यानं खिडकीकडं बघितलं. पल्लवी माझ्या चपलांकडं बघत होती. कुणी आकडा दुरुस्त केला नाही, कारण बारा वर्षं आमच्या घरात हाच आकडा होता.

खरं म्हणजे तीन. सगळ्यांत थोरली तेजश्री. एसटीत ड्रायव्हर म्हणून लागली, तेव्हा मीच पेढे वाटले होते. मग डेपोतल्या एका मेकॅनिकशी, दुसऱ्या जातीतल्या नागेशशी तिनं परस्पर लग्न लावलं आणि फोन करून सांगितलं. मी दारातल्या नळाखाली घागरी भरल्या आणि सगळ्यांना तिच्या नावानं आंघोळ करायला लावली, माणूस गेल्यावर करतात तशी. दोन्ही पोरं, मी, शेवटी आमचे हे, पोरांचे आप्पा. ते कपड्यांनिशी पाण्याखाली उभे राहिले, तोंडातनं शब्द नाही. आळी बघत होती. आळीनं बघावं म्हणूनच मी ते केलं होतं. त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी दोन सांगते. सांगून सांगून जिभेला वळण पडलं. डॉक्टरपुढं खोटं बोलते आहे, असं त्या घडीला माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दोघा पोरांचं रक्त घेतलं. एकवीस दिवस तालीम झाली, पेशी परत अंगात आल्या. आम्ही दोन महिने वाट बघितली. फेस वाढला. किडनीचं काम अर्ध्यावर होतं ते तिसऱ्या हिश्शावर आलं. बेनाडीकर बाईला कळेना कुठं चुकलं. तेव्हा तिनं माझ्या खालच्या ओठाच्या आतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. तिथं लाळेच्या बारीक गाठी असतात. तो पुण्याला पाठवला, एकेक पेशी कुणाची ते वाचणारं यंत्र तिथं आलं होतं.

आठ दिवसांनी तिनं मला एकटीला आत बोलावलं. "आक्का, तुम्हाला मुलगी आहे," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी पदर सावरला.

"या पेशी अर्ध्या तुमच्या, अर्ध्या तुमच्या मालकांच्या. मुलांपैकी कुणाच्याच नाहीत. जन्मून गेली असेल तरी सांगा."

मी म्हटलं, सावंतवाडी डेपोला आहे. ठणठणीत आहे. मग आंघोळीचं सांगितलं. बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तुमच्या एका आकड्यापायी चार महिने आणि किडनीचा एक हिस्सा गेला, एवढंच म्हणाली. मी कुणाचं ऐकून घेत नाही. तिचं घेतलं. मग मी विचारलं, म्हणजे तिच्यामुळं मला हे झालं का. बाई म्हणाली, तसं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. काही म्हणतात भांडण या पेशींमुळं लागतं. काही म्हणतात, जिथं झिजतं तिथं त्या दुरुस्तीला जमतात, आणि मार तिथंच बसतो.

घरी येताना विश्वजितनं गाडीत दुसरा उपाय काढला. अंगातले सगळे राखणदार आणि सगळ्या उपऱ्या पेशी धुऊन काढायचं औषध होतं. तीन महिने काचेच्या खोलीत राहायचं, धोका मोठा, पण कुणाकडं जावं लागणार नव्हतं. तो म्हणाला, आई, तिच्या दारात तू जाणार? लोक काय म्हणतील? मी त्याला म्हटलं, लोकांना काय म्हणायचं ते मीच शिकवलंय, आता मीच निस्तरते. धुऊन काढायचं काम एकदा करून बघितलं, काही निघालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजऱ्यावरनं आंबोली घाट उतरून जाणाऱ्या गाडीत बसले. बॅटरीवरची गाडी, आवाज नाही, धूर नाही. पाण्याच्या दोन बाटल्या मांडीवर. विश्वजितला सोबत येऊ दिलं नाही. मागायचं असलं की एकटं जावं, साक्षीदार असला की ताठा सुटत नाही.

सावंतवाडी डेपोत ती पणजीची गाडी लावून खाली उतरली. खाकी कपडे, केसांत बोटभर पांढरं. मला बघितलं आणि जागेवर थांबली.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. माझी किडनी चाललीय. तुझं रक्त पाहिजे."

मी असंच बोलले. वाटेत चांगलं जुळवून आणलं होतं, तोंडातनं हेच आलं. ती हसली. हसली म्हणजे नाकातनं वारा सोडला. म्हणाली, मेलेल्या माणसाचं रक्त चालतं होय तुमच्या दवाखान्यात? मग घड्याळ बघून म्हणाली, वीस मिनिटं आहेत, मला जेवायचंय.

कँटीनमध्ये तिनं उसळ-पाव घेतला. मला चहा. मी बेनाडीकर बाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं, पेशींचं, तालमीचं, मी दोनचा आकडा सांगितल्याचंसुद्धा. ती माझ्याकडं न बघता खात होती. आप्पा गेले तेव्हा मी स्टँडपर्यंत आले होते, तू संग्रामकडनं निरोप पाठवून मला परत घालवलंस, म्हणाली. मी म्हटलं, घालवलं. दुसरं काय म्हणणार, घालवलंच होतं. तोंडही बघू दिलं नाहीस, म्हणाली. मी म्हटलं, नाही दिलं.

आणि मग मी तिचं जेवण बघितलं. एक घास, एक घोट पाणी. एक घास, एक घोट पाणी. पाव तर ती उसळीच्या पाण्यात पार भिजवून गिळत होती.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"घासाला पाणी लागायला."

तिचा हात थांबला. धाकटीच्या बाळंतपणानंतर, म्हणाली, चार वर्षं. गळ्याची गोळी चालू आहे. घाटात समोरनं दिवे आले की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पण डेपोत कुणाला सांगितलेलं नाही, चाक काढून घेतील. मी टेबलाखाली वाकले, तिचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. सगळं कँटीन बघत होतं. अंगठा काढला, तर खळगा तसाच. मी मनात दहा मोजले, तरी तसाच.

"पाय सोड," ती म्हणाली.

"लघवीला फेस येतो?"

तिनं पाय ओढून घेतला. मी म्हटलं, माझं राहू दे बाजूला, तू कोल्हापूरला चल. ती म्हणाली, तू सांगितलंस म्हणून येणार नाही. मी म्हटलं, नको येऊ माझ्या सांगण्यावरनं, त्या खळग्याच्या सांगण्यावरनं ये. पणजीच्या गाडीची वेळ पुकारली आणि ती उठून गेली. मी दोघींची भांडी उचलून ठेवली आणि परतीची गाडी धरली.

बारा दिवसांनी ती आली. एकटी. माझ्या घरी नाही, दवाखान्यात. आली ती आजारी म्हणून आली, रक्त देणारी म्हणून नाही, हे तिनं दारातच सांगितलं.

तिच्याही ओठाचा दाणा काढून पुण्याला गेला. तोवर मी बेनाडीकर बाईच्या कागदावर स्वतःच्या हातानं तिचं नाव, जन्मतारीख आणि नातं लिहून दिलं. माझं लिहिणं चौथीपर्यंतचं, अक्षर मिरच्यांच्या देठांसारखं, पण लिहिलं.

निकाल आला तेव्हा बाईनं आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं, विश्वजित आणि पल्लवी मागं उभे. नाळ दोन्ही बाजूंनी वाहते, ती म्हणाली. लेकराच्या पेशी आईत जातात, तशा आईच्याही लेकरात जातात. तेजश्रीच्या गाठींत ज्या उपऱ्या पेशी सापडल्या, त्या माझ्या होत्या. तिचे राखणदार त्यांनाच झोडपत होते. माझ्यासारखंच भांडण, फक्त माझ्यापेक्षा वीस वर्षं कमी वयात लागलेलं. किडनी अजून बरीच शाबूत होती, पण गळती जोरात होती. आत्ता तालीम केली तर थांबेल, वर्षभरानं केली तर सांगता येत नाही.

तेजी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत म्हणाली, "म्हणजे मीपण तुला आत मारतेच आहे." कडू बोलली, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू हललं. मी म्हटलं, मार, तुझा हक्कच आहे.

पण खरी अडचण पुढं होती. तिच्या पेशींना शिकवायला माझं रक्त हवं. राखणदारांना आवरायला बाईनं मला औषधं चालू केली होती, त्यांनी माझं रक्त दाबून टाकलेलं, त्यातल्या पेशी मेल्यासारख्या. पेटीला जिवंत रक्त लागतं. म्हणजे चार आठवडे मी सगळी औषधं सोडायची. आणि माझी तालीम आधी केली, तर नंतर वर्षभर माझं रक्त कामाचं राहत नाही, त्यात शिकवलेल्या पेशींची भेसळ होते. पोरांच्या रक्तावरची तालीम धरलीच नव्हती, त्या पेशी कधीच मरून गेल्या होत्या. बाईनं आकडा लपवला नाही. माझी किडनी तिसऱ्या हिश्शावर होती. चार आठवडे बिनऔषधाची राहिली, तर बहुतेक डायलिसिसवर बसावं लागेल, तालीम नंतर केली तरी गेलेलं परत येत नाही. तुम्ही आधी घ्या आक्का, म्हणाली, तेजश्रीला आपण साध्या औषधांवर धरून ठेवायचा प्रयत्न करू.

प्रयत्न हा शब्द मला आवडत नाही. मीठ टाकायचा प्रयत्न करतात होय कुणी? टाकतात नाही तर टाकत नाहीत. मी विचारलं, औषधं आजपासनं सोडू का उद्यापासनं.

सगळे एकदम बोलायला लागले. विश्वजित म्हणाला, बारा वर्षं तिनं तोंड दाखवलं नाही. संग्राम फोनवर रडला. पल्लवीच तेवढी म्हणाली, आई ठरवतील ते. तेजी उठून उभी राहिली. मी मागितलं नव्हतं, म्हणाली. तुझे उपकार घेऊन मला त्या गावात परत जायचं नाही. तुला मोठेपणा मिरवायचा आहे, तेव्हा आळीपुढं मिरवलास, आता दवाखान्यापुढं.

माझ्या अंगात आग झाली. खोटं असतं तर तिथंच उत्तर दिलं असतं. थोडं खरं होतं, म्हणून दम खाल्ला. मग म्हटलं, मिरवते तर मिरवते. तुझी किडनी वाचते की नाही ते बघ. आळीत परत ये म्हणून मी म्हटलेलं नाही. सावंतवाडीतच राहा, तुझी पणजीची गाडी हाक. गाडी हाकायला किडनी लागते.

त्या दिवसापासनं गोळ्या बंद केल्या.

चार आठवड्यांचं फार सांगत नाही. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. दुसऱ्यात पायांत चप्पल जाईना. तिसऱ्यात तोंडाला लोखंडाची चव आणि उशाला तीन उशा, नाही तर दम लागायचा. डंकाचं सगळं पल्लवीच्या हातात दिलं, मीठसुद्धा तीच बघू लागली. चांगलं बघते. तिला तसं सांगितलं नाही, पण गिऱ्हाइकाला सांगितलं, म्हणजे पोचलं असेल. मधे दोनदा बेनाडीकर बाईनं फोन केला, इथंच थांबवू म्हणाली. मी म्हटलं, अर्धी भाजलेली मिरची कुणाच्या कामाची असते का. तेजीनं फोन केला नाही. रोज सकाळी पल्लवीच्या फोनवर मात्र सावंतवाडीवरनं एक ओळ यायची, आज वजन किती. पल्लवी आकडा पाठवायची. मला ते ठाऊक नाही असं दोघींना वाटायचं.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण लोक त्याचंच विचारतात. तेजीची तालीम बसली. गळती थांबली, चाक तिच्याच हातात आहे. माझीही नंतर केली, जीभ थोडी ओलावते, गळा शांत आहे. किडनी परत आली नाही. आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला जाते. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. सांगण्यासारखं आहे ते त्या खोलीतलं.

दोन खुर्च्या, मधे ती पेटी. दोघींचं रक्त एकाच दिवशी घ्यायचं ठरलं होतं, माझं तिच्यासाठी, आणि तिचं माझ्यासाठी साठवून ठेवायला. ते द्यायचं की नाही हे तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मला विश्वजितनं चाकाच्या खुर्चीतनं आणलं. तोंड सुजून डोळे बारीक झालेले. ती खाकीतच आली, संध्याकाळच्या गाडीला तिला परत पोचायचं होतं. माझ्याकडं बघून तिनं मान फिरवली आणि बराच वेळ फिरवूनच ठेवली.

नर्सनं नेमाप्रमाणं मला विचारलं, सुई जाईपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. मी म्हटलं, बाई, शीर शोध. शीर सापडेना, सुजेत बुडालेली. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा लागली. नळीतनं रक्त चढायला लागलं, काळपट, सावकाश. नर्स तेजीकडं वळली आणि तिलाही तेच म्हणाली, तुम्ही नाही म्हणू शकता.

तेजी दुसऱ्या खुर्चीत बसली होती, बाह्या खालीच, बटणं लावलेली.

"मी माफ केलेलं नाही," ती मला म्हणाली.

"मी मागितली कुठं?" मी म्हटलं. "बाही वर कर."

मग एकेक बटण काढून तिनं बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात पुढं केला.